दातांच्या कामासाठी अनुदान: शिबिराला नको, पाठपुराव्याला मागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार तरुण डेंटिस्ट, त्यांतले दोघे दंत महाविद्यालयात शिकवतात, दोघांची स्वतःची प्रॅक्टिस आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी ट्रस्ट नोंदवला. नंदुरबार जिल्ह्यातल्या काही आश्रमशाळांत ते वर्षातून दोनदा तपासणी शिबिर घेतात आणि खर्च स्वतःच्या खिशातून करतात. आता काम वाढवायचे आहे, जोडीला थोडे संशोधन करायचे आहे आणि इंटर्नना तिथे शिकायला न्यायचे आहे. दातांच्या कामाला अनुदान देणाऱ्या संस्था कोणत्या आणि प्रस्ताव कसा लिहावा, असे त्यांनी विचारले आहे.

डॉक्टर, संस्थांची नावे सांगतो, पण आधी तुम्ही काय मागणार आहात त्याविषयी बोलू. मी असे प्रस्ताव लिहिले आहेत आणि देणाऱ्यांच्या बाजूला बसून वाचलेही आहेत. दातांसाठी आलेल्या प्रस्तावांत शिबिराचेच प्रस्ताव जास्त असतात. त्यांतले काही नाकारले जातात आणि काही मंजूर होतात. मंजूर झालेल्यांची मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांतून पुढे काय होते ते तुम्हालाही माहीत आहे. एका दिवसात तीनशे मुले पाहिली जातात, कार्डावर खुणा होतात, ब्रश आणि पेस्ट वाटली जाते, बॅनरसमोर फोटो निघतो. ज्या मुलीच्या सहाव्या वर्षी आलेल्या दाढेला कीड लागली आहे तिच्या हातात ‘दंतवैद्यास दाखवावे’ अशी चिठ्ठी मिळते. दाखवायचे कुठे, न्यायचे कोणी, गाडीभाडे कोणाचे, दिवसभर अधीक्षक शाळा सोडून जाणार कसे, याचे उत्तर त्या चिठ्ठीत नसते. पुढच्या शिबिरात तेच तोंड समोर येते आणि दाढेची फक्त मुळे उरलेली असतात.

म्हणून माझे सांगणे एकच आहे: पैसा दुसऱ्या भेटीसाठी मागा. पहिली भेट तुम्ही आजही पदरमोड करून देताच. दुसरी, तिसरी आणि दहावी भेट कोण देणार, त्याला पगार कुठून, त्याची नोंद कुठे, हे ज्या प्रस्तावात स्पष्ट आहे त्याला अनुदान मिळण्याची शक्यता वाढते आणि मिळालेल्या पैशाचे काम मुलांच्या तोंडात दिसते.

हे माझे एकट्याचे मत नाही. अमेरिकेत रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दंतरोग प्रतिबंधाचा एक मोठा शालेय प्रयोग पैसे देऊन करवून घेतला. दहा ठिकाणी, सुमारे वीस हजार शाळकरी मुलांवर तो चालला आणि मूल्यमापन रँड या संशोधन संस्थेने केले. काही मुलांना वर्गात दातांच्या निगेचे धडे दिले, काहींना फ्लोराइडच्या गोळ्या आणि गुळण्या, काहींना दाढांवर सीलंट, काहींना यांतल्या अनेक गोष्टी एकत्र. चार वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा दोनच गोष्टी ठळकपणे उपयोगी ठरल्या: दाढांच्या खाचा बंद करणारे सीलंट आणि गावाच्या पिण्याच्या पाण्यातले योग्य प्रमाणातले फ्लोराइड. नुसते धडे आणि ब्रश कसा करावा याची प्रात्यक्षिके यांनी कीड म्हणण्यासारखी कमी झाली नाही. त्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले. पण एका धर्मादाय संस्थेने, आपल्या पैशाने बहुतेक उपाय कुचकामी ठरल्याचे, जगासमोर मांडले याचे मोल मला फार वाटते. आज चाळीस वर्षांनंतरही आपल्याकडचे निम्मे प्रस्ताव ‘जनजागृतीपर व्याख्यान आणि ब्रशवाटप’ इथेच थांबतात.

याचा अर्थ ब्रश निरुपयोगी आहे असा घेऊ नका. स्कॉटलंडमध्ये ‘चाइल्डस्माइल’ या सरकारी कार्यक्रमात बालवाडीतली मुले रोज, शिक्षिकेच्या देखरेखीखाली, फ्लोराइडच्या पेस्टने दात घासतात. त्याने कीड कमी झाली आणि उपचारावरचा सरकारी खर्चही वाचला. फरक ‘रोज’ आणि ‘देखरेखीखाली’ या दोन शब्दांत आहे. आश्रमशाळेत तुम्हाला हे करता येईल, कदाचित इतर कुठल्याही शाळेपेक्षा सोपे जाईल, कारण मुले तिथेच राहतात. सकाळी नळाशी रांग लागतेच. त्या रांगेला पेस्ट, ब्रश ठेवायची नाव घातलेली मांडणी आणि लक्ष ठेवणारा एक माणूस मिळाला तर कार्यक्रमाचा निम्मा भाग उभा राहिला. तेव्हा ‘दोन हजार ब्रश वाटप’ असे लिहू नका. ‘इतक्या शाळांत, शाळेच्या प्रत्येक दिवशी, देखरेखीखाली दात घासणे, दर तीन महिन्यांनी ब्रश बदलणे, महिन्यातून एकदा न सांगता भेट देऊन किती मुले खरोखर घासतात याची मोजणी’ असे लिहा. देणाऱ्याला यात काम दिसते आणि ते मोजायचे कसे हेही दिसते.

उपचाराचा भाग तितकाच ठोस हवा. खुर्ची, कॉम्प्रेसर आणि एअरोटर (दात कोरायचे यंत्र) असलेली मोबाइल व्हॅन मागण्याचा मोह सगळ्यांना होतो. व्हॅनचा फोटो चांगला येतो. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या घाटात तिचे डिझेल, चालक, विमा, दुरुस्ती हे सगळे चौथ्या वर्षी कोण देणार? विजेशिवाय होणारे काम आधी करा. हाताच्या अवजारांनी किडलेला भाग काढून ग्लास आयोनोमर हे दाताचे सिमेंट भरण्याची एआरटी पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात, वीज आणि खुर्ची नसलेल्या ठिकाणांसाठीच विकसित झाली. दाढांच्या खाचाही ग्लास आयोनोमरने बंद करता येतात. कीड थांबवायला सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडयुक्त पेस्ट, ग्लास आयोनोमर आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या तिन्हींचा समावेश केला. प्रस्तावात हे एक वाक्य जरूर घाला. समितीवरच्या सनदी लेखापालाला ग्लास आयोनोमर म्हणजे काय ते कळत नाही, अत्यावश्यक औषधांची यादी म्हणजे काय ते कळते.

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावल्यावर किडलेला भाग काळा पडतो. हे आईवडिलांना आधी सांगितले नाही तर सगळ्या कार्यक्रमावरचा विश्वास जातो. आणि आश्रमशाळेत आईवडील नसतात. मुख्याध्यापक किंवा अधीक्षक यांची सही म्हणजे पालकांची संमती नव्हे. मुले दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी जातात, पालक मुलांना सोडायला येतात, तेव्हाच संमती घ्यायची योजना आखा. काळ्या पडलेल्या दाढेचा फोटो दाखवा, समजावणारा माणूस पावरी किंवा भिली बोलणारा हवा. या माणसाचे मानधन आणि त्याच्या प्रवासाचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा. परीक्षकाच्या खुर्चीत असताना अशी ओळ दिसली की मला कळते, हे लोक शाळेत नुसते जाऊन आलेले नाहीत, तिथे थांबलेले आहेत.

फ्लोराइड हा शब्द लिहिण्याआधी पाण्याचा अहवाल मिळवा. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडातला किनवट परिसर इथे पाण्यातच फ्लोराइड जास्त असल्याने मुलांचे दात डागाळतात आणि पुढे हाडांवरही परिणाम होतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एक लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. तुमच्या प्रत्येक शाळेच्या विंधन विहिरीचा अहवाल जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे मिळेल. तो प्रस्तावाला जोडा. एखाद्या शाळेत प्रमाण जास्त निघाले तर तिथली योजना बदला आणि ते कारणासह लिहा.

आता पैसा कुठून. फक्त दातांना वाहिलेली मोठी धर्मादाय संस्था आपल्याकडे शोधायला जाल तर निराश व्हाल. तुमचे काम बालआरोग्य, आदिवासी शिक्षण, तंबाखूनियंत्रण, कर्करोगप्रतिबंध यांपैकी कशात बसते ते पाहा आणि त्या दाराने आत जा.

सर्वात जवळचा स्रोत कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ संपत्ती ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. सातव्या परिशिष्टात प्रतिबंधक आरोग्यसेवा स्पष्टपणे आहे, म्हणजे तुमचे काम बसते. तुमच्याकडे काय हवे? धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी या नावांनी ओळखली जाणारी दोन्ही प्रमाणपत्रे, कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला क्रमांक, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. चार वर्षे तुम्ही काम केले आहे, पण खिशातून केलेला खर्च ट्रस्टच्या वह्यांत नसेल तर कागदावर तुमचा अनुभव शून्य दिसतो. या महिन्यापासून प्रत्येक रुपया ट्रस्टच्या खात्यातून जाऊ द्या. स्वतःचे पैसे घालायचे असतील तर आधी ट्रस्टला देणगी द्या, पावती फाडा, मग खर्च करा.

कायद्याने कंपनीला आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगितले आहे, आणि नंदुरबारमध्ये मोठे कारखाने थोडे. इथे एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आले, त्यांत गडचिरोली, वाशीम आणि उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव यांच्याबरोबर नंदुरबार आहे. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांना आपल्या परिसराबाहेर काम दाखवायचे असते तेव्हा त्या याच यादीकडे पाहतात. पहिल्या पानावर हे लिहा. शेजारच्या साक्री तालुक्यातल्या पवनचक्क्या आणि नाशिकचे कारखाने यांनाही विचारा.

वेळेचे भान ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फोन येतो, ‘रक्कम शिल्लक आहे, ३१ तारखेच्या आत काही करता येईल का?’ अशा पैशातून शिबिरेच जन्माला येतात. तो पैसा घ्यायचाच असेल तर अवजारे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह, हाताच्या अवजारांचे संच, ग्लास आयोनोमरचा वर्षभराचा साठा अशा टिकणाऱ्या गोष्टींसाठी घ्या, मुदत तपासूनच. खरी मागणी एप्रिल ते सप्टेंबरमध्ये न्या. आणि एक विनंती आवर्जून करा: आमचे काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करा. नियमांप्रमाणे असा प्रकल्प सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालू शकतो आणि त्याची त्या वर्षी न खर्चलेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवता येते. बऱ्याच कंपन्यांतल्या तरुण अधिकाऱ्यांना हे माहीत असते, पण संस्थेकडून मागणीच एका वर्षाची येते. मुलीची पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षी येते आणि दुसरी बाराव्या. एका वर्षाच्या प्रकल्पाने या दोन्ही दाढा वाचल्याचे कोणीही दाखवू शकत नाही. चार वर्षांत निदान पहिल्या दाढेचे काय झाले ते सांगता येते.

परदेशी पैशाचा विचार सध्या बाजूला ठेवा, असा माझा सल्ला आहे. विदेशी अंशदान नियमन कायद्याखालच्या नोंदणीला संस्था तीन वर्षे जुनी लागते आणि त्या काळात मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले दाखवावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेने परदेशी अनुदान घेऊन तुम्हाला वाटा द्यायचा, ही जुनी वाट बंद झाली आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी उभे केलेले महाराष्ट्र फाउंडेशन आपल्याकडच्या सामाजिक कामांना १९७८ पासून मदत करत आले आहे. तिथल्या तुमच्या एखाद्या वर्गमित्राने हात पुढे केला तरी आधी तुमची ही नोंदणी लागेल. ती नसताना नातेवाइकाच्या खात्यातून डॉलर घेऊन कामाला लावण्याचा विचारही करू नका.

रोटरीचा पर्याय मात्र जवळचा आहे. रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटला किमान ३०,००० डॉलरचा प्रकल्प, एक इथला आणि एक परदेशातला क्लब, आणि आधी केलेली गरजांची पाहणी लागते. परदेशी पैशाचे नियम तिथेही आहेत, पण ते सांभाळण्याची व्यवस्था रोटरीची स्वतःची आहे आणि प्रकल्पाची जबाबदारी क्लबची असते. गरजांची पाहणी सक्तीची आहे हे मला फार आवडते. ती न करता आलेला अर्ज पुढे सरकतच नाही.

दुभंगलेल्या ओठ-टाळूची मुले तुमच्या तपासणीत सापडतील. त्यांच्यासाठी वेगळा निधी उभारू नका. स्माइल ट्रेन ही संस्था शस्त्रक्रियेचा खर्च थेट स्थानिक सहयोगी रुग्णालयाला देते. परदेशातून डॉक्टरांचे पथक आणायचे, आठवडाभर शस्त्रक्रिया करून निघून जायचे, ही पद्धत तिने नाकारली आणि इथल्याच सर्जनांना बळ दिले. टाळूच्या मुलाला शस्त्रक्रियेनंतर वाचा-उपचार लागतात, दात वाकडे येतात म्हणून वर्षानुवर्षे ऑर्थोडोंटिस्ट लागतो. सर्जन गावात नसेल तर हे सगळे सुटून जाते. पैसा कसा द्यावा याचा हा मला दिसलेला सर्वात चांगला नमुना आहे. तुमच्याकडून नाव, पालकांचा फोन आणि नेऊन पोचवणारा माणूस एवढेच लागेल.

सरकारला वगळून प्रस्ताव लिहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली. त्याची पथके शाळाशाळांत जातात आणि त्यांच्या यादीत दातांची कीड आणि दुभंगलेला ओठ-टाळू दोन्ही आहेत. तुम्ही वेगळी तपासणी करून वेगळे कार्ड बनवलेत तर त्याच मुलाच्या दोन नोंदी होतात आणि दोन्ही अर्धवट राहतात. पथकाच्या डॉक्टरांबरोबर एकच नोंद ठेवा. आश्रमशाळांसाठी तळोदा किंवा नंदुरबारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प अधिकाऱ्यांचे लेखी परवानगीपत्र प्रस्ताव पाठवण्याआधीच घ्या. ‘परवानगीची प्रक्रिया सुरू आहे’ हे वाक्य मी इतक्या प्रस्तावांत वाचले आहे की आता ते दिसले की पुढचे पान उलटायला हात धजत नाही.

संशोधनाचे म्हणाल तर तुमच्यासमोर आपल्याच मातीतला मोठा वारसा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे भौतिकशास्त्र आणि गणितासाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, एक मूलभूत दंतसंशोधन विभाग होता. १९६० च्या दशकात फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या पाच जिल्ह्यांत पन्नास हजारांवर आणि पुणे जिल्ह्यात १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे घरोघरी जाऊन तपासली. डेन्मार्कचे मुखरोगतज्ज्ञ पिंडबोर्ग त्यांच्याबरोबर होते, संख्याशास्त्राची बाजू प्रकाश गुप्ता पाहत. खर्चाचा मोठा भाग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने दिला, आणि तोही भारताने पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हासाठी मोजलेल्या रुपयांतून. तंबाखू, मशेरी, विडी, पान यांचा तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांशी आणि कर्करोगाशी संबंध जगाला ठामपणे सांगता आला तो अशा कामामुळे. काही जिल्ह्यांतल्या त्याच लोकांकडे हे पथक दरवर्षी परत गेले, दहा-दहा वर्षे गेले. पुढे ३६,००० तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना घरी जाऊन सोडायचे समजावले, तेव्हा चट्टे येण्याचे प्रमाण घटल्याचे दाखवता आले. प्रकाश गुप्तांनी नंतर नवी मुंबईत उभी केलेली हीलिस-सेखसरिया ही सार्वजनिक आरोग्य संस्था नरोत्तम सेखसरिया फाउंडेशनच्या आधाराने चालते. तंबाखूचा विषय तुमच्या कामात येणारच आहे. वसतिगृहातल्या मोठ्या मुलांच्या खिशातल्या पुड्या तुम्ही पाहिल्या असतील, २०१२ च्या गुटखाबंदीनंतरही. अशा संस्थांकडे नुसत्या पैशासाठी जाऊ नका, आराखडा तपासून घेण्यासाठी जा.

दुसरे उदाहरण तिरुवनंतपुरमचे. १९९६ पासून तिथल्या १३ पंचायतींपैकी सातांत (उरलेल्या सहा तुलनेसाठी होत्या) प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन, नुसत्या डोळ्यांनी आणि बॅटरीच्या उजेडात, लोकांची तोंडे दर तीन वर्षांनी तपासली. आर्थिक आधार ब्रिटनमधल्या कर्करोग संशोधन धर्मादाय संस्थांचा होता. तीन फेऱ्यांनंतर तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना यापैकी कसलीच सवय नव्हती त्यांच्यात फायदा दिसला नाही, आणि संशोधकांनी तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. प्रश्न एक, साधने साधी, आणि त्याच घरी पुन्हा जाणे: चांगल्या अनुदानित संशोधनाला एवढे पुरते.

तुमच्यासाठी मी एकच संशोधनप्रश्न सुचवेन. निम्म्या शाळांत पहिल्या दाढांना ग्लास आयोनोमर सीलंट आणि देखरेखीखाली दात घासणे, उरलेल्या शाळांत आधी फक्त दात घासणे, सीलंट दोन वर्षांनी. दाढेला कीड कुठे कमी? आपल्याकडची जी राष्ट्रीय पाहणी सगळे अजून उद्धृत करतात ती २००२-०३ ची आहे. तिच्यात १२ वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांना कीड आढळली होती. आश्रमशाळांतल्या आजच्या मुलांची विश्वासार्ह आकडेवारी तयार झाली तर तेवढ्यानेही पुढच्या दहा संस्थांचे काम सोपे होईल. महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद काम सुरू होण्याआधी हवी, नंतर नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी विद्यावेतन देते, त्यातून एखाद्या विद्यार्थ्याला मूळ पाहणीत जोडून घेता येईल.

इंटर्नच्या प्रशिक्षणाविषयी थोडक्यात. रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशननेच २००० नंतर, कॅलिफोर्निया एंडाउमेंट या दुसऱ्या धर्मादाय संस्थेबरोबर, १५ अमेरिकी दंत महाविद्यालयांना अनुदान देऊन शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गरीब वस्त्यांतल्या दवाखान्यांत सुमारे ६० दिवस काम करायला लावले. एक दिवसाच्या सहलीने विद्यार्थी काही शिकत नाही. तुम्ही चार-चार इंटर्न, प्रत्येक तुकडी किमान तीन आठवडे, सोबत एक पूर्णवेळ शिक्षक, असे मागा. राहण्याची सोय आणि शिक्षकाचा पगार हाच त्या अनुदानाचा मुख्य खर्च असू द्या. मुलांवर सराव करायला इंटर्न पाठवताहेत असे कोणालाही वाटता कामा नये, त्यामुळे देखरेख कोणाची हे नावानिशी लिहा.

कोणाचा पैसा घेऊ नये हेही बोलले पाहिजे. तंबाखू, गुटखा, सुगंधी सुपारी, पान मसाला यांच्या घराण्यांचा पैसा, कुठल्याही ट्रस्टच्या नावाने आला तरी, नाकारा. साखर आणि गोड पेये विकणाऱ्यांच्या पैशाबाबतही सावध राहा. २०१५ मध्ये प्लॉस मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने साखर उद्योगाची जुनी कागदपत्रे उघड केली. १९६०-७० च्या दशकांत, साखर दात किडवते हे ठाऊक असूनही, त्या उद्योगाने संशोधनाचा पैसा दातांवरचा थर विरघळवणारी विकरे आणि किडीवरची लस यांच्याकडे वळवला. अमेरिकी सरकारच्या दंतसंशोधन कार्यक्रमाच्या पहिल्या निविदेत उद्योगाच्या निवेदनातला ७८ टक्के मजकूर उतरला होता. साखर कमी खाण्याचा प्रश्न बाजूला पडला. पैसा देणारा तुमच्या निष्कर्षाला हात न लावता तुमचा प्रश्न बदलू शकतो, हे यातून कळते. करारात दोन ओळी आग्रहाने घाला: निष्कर्ष काहीही आले तरी आम्ही प्रसिद्ध करू, आणि मुलांच्या हातात जाणाऱ्या कुठल्याही वस्तूवर देणाऱ्याची जाहिरात असणार नाही. पेस्ट कंपनीने दिलेल्या पेस्टला माझी हरकत नाही, पण विक्रीचा फायदा मिळावा म्हणून केलेले प्रायोजन सीएसआर नियमांत बसतच नाही, हे त्यांना नम्रपणे दाखवा.

अंदाजपत्रक दर मुलामागे दर वर्षाला किती, असे मांडा. समजा, दहा शाळा आणि चार हजार मुले धरलीत. मोठा खर्च माणसांवर येईल: एक पूर्णवेळ डेंटिस्ट, दोन स्थानिक आरोग्यसेविका, नोंदी ठेवणारी एक व्यक्ती. साहित्याचा खर्च त्यामानाने कमी असतो. ‘पगारावर एवढे का?’ असे विचारले जाईलच. उत्तर तयार ठेवा: परत जाणारा माणूस हाच आमचा उपचार आहे. मानधन लाजत लाजत कमी दाखवू नका. कमी पगारावर घेतलेली सेविका सहा महिन्यांत सोडून जाते आणि तिच्याबरोबर मुलांची ओळख आणि भरवसाही जातो. मोठ्या उपचारांसाठी, दाढ काढणे किंवा तोंडाच्या गंभीर आजारासाठी, रुग्णवाहिकेचा खर्च वेगळा धरा. जवळच्या धर्मादाय रुग्णालयाशी लेखी बोलून ठेवा. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात, आणि ते मागणारा माणूस सोबत असला तरच मिळते.

पहिले पत्र दोन पानांचे ठेवा: कोणती मुले, कोणत्या शाळा, चार वर्षांच्या शिबिरांत काय दिसले, चार वर्षांनी कोणता एक आकडा बदललेला असेल, आणि दर मुलामागे खर्च. तुमच्या जुन्या शिबिरांची कार्डे असतील ती काढा. दोनदा तपासलेली मुले वेगळी करा आणि त्यांतल्या किती जणांना ‘दंतवैद्यास दाखवावे’ सांगूनही उपचार मिळाले नाहीत ते मोजा. तो आकडा पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात द्या. आणि पत्र कंपनीकडे जाण्याआधी एका आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांना आणि तिथल्या स्त्री-अधीक्षिकेला वाचून दाखवा. सकाळच्या रांगेला पाणी पुरते का, पेस्ट कुलपात कोण ठेवणार, आजारी पडलेल्या मुलाला रात्री कोण नेते, हे त्या दोघांना माहीत असते, आणि तुमच्या आराखड्यातली जी ओळ तिथे चालणार नाही ती ते लगेच सांगतील.